शरीराची साक्ष काढणारा संन्यासी

नागपूर (प्रताप नगर), प्रतिनिधी

नागपूरच्या प्रताप नगर, रामनगर, त्रिमूर्ती नगर या वस्त्यांना सकाळचा योगवर्ग नवा नाही. जनार्दनस्वामींनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी या शहरात योगाभ्यासी मंडळ उभे केले आणि सतरंजी पसरून विनामूल्य आसने शिकविण्याची प्रथा येथे रुजली. आजी-आजोबांनी शिकलेली आसने नातवंडांनी शिकावीत, असा हा जुना परिचय आहे. या परिचयात अलीकडे शहरोशहरी एका नव्या शब्दावलीची भर पडली आहे. स्नायूंना, सांध्यांना आणि आतील अवयवांना वेढून असणारे तंतुमय आवरण म्हणजे फॅशिया. ते आवरण हाताच्या संथ दाबाने मोकळे करणारे उपचार. आणि डोळे मिटून शरीराच्या आत काय घडते आहे याकडे लक्ष देण्याची शिबिरे. हे सारे परदेशातून आलेले शास्त्र आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते.

ही समजूत निम्मीच खरी आहे. शरीराला आतून जे जाणवते ते यंत्राच्या काट्यावरही दिसते का, हा प्रश्न महाराष्ट्रात १९२४ मध्येच रीतसर विचारला गेला होता. विचारणारा डॉक्टर नव्हता, शास्त्रज्ञही नव्हता. तो संस्कृतचा पदवीधर, शाळामास्तराचा मुलगा आणि आखाड्यात घाम गाळलेला ब्रह्मचारी होता. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ते सर्वत्र ओळखले गेले.

३० ऑगस्ट १८८३ रोजी तत्कालीन बडोदा संस्थानातील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. घर मराठी, परिस्थिती बेताची. १९०३ मध्ये मॅट्रिक होताना त्यांनी संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि पुढील शिक्षणासाठी बडोदा महाविद्यालयात प्रवेश घेतला. तो काळ वंगभंगाच्या चळवळीने तापलेला होता. अरविंद घोष बडोद्यात अध्यापन करीत होते, टिळकांचे नाव घरोघरी पोहोचले होते. तरुण जगन्नाथाने आजन्म ब्रह्मचर्य आणि देशसेवा यांची प्रतिज्ञा केली ती याच वातावरणात.

मात्र त्यांच्या आयुष्याला खरे वळण लावले ते महाविद्यालयाने नव्हे, तर बडोद्याच्या एका आखाड्याने. उस्ताद जुम्मादादांचा वारसा चालविणारे राजरत्न प्रा. माणिकराव यांची जुम्मादादा व्यायामशाळा त्या काळी केवळ कुस्ती-लाठीचे ठिकाण नव्हती. माणिकराव नामांकित हाडवैद्य होते. निखळलेला सांधा बसविणे, मुरगळलेला स्नायू चोळून पूर्ववत करणे, मोडलेले हाड जुळवून बांधणे ही त्यांची विद्या. मालिश हा आखाड्याच्या दिनक्रमाचाच भाग असे. आज ज्याला हस्तोपचार म्हणून स्वतंत्र दालन मिळाले आहे, ते ज्ञान त्या काळी तालमीच्या तांबड्या मातीत नांदत होते. त्याला ना पदवी होती, ना फलक. १९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी माणिकरावांकडे शिक्षण घेतले.

या शिक्षणाचे महत्त्व चरित्रकार बहुधा एका वाक्यात उरकतात. ते अन्यायाचे वाटते. हाडवैद्याचे ज्ञान त्याच्या बोटांत असते. कातडीखालचा ताठरपणा, गाठ, सांध्याची अडलेली चाल त्याला डोळ्यांआधी बोटांना कळते. परंतु हे कळणे त्याला दुसऱ्याच्या हाती सहजी सोपविता येत नाही. उस्ताद गेला की विद्येचा मोठा भाग त्याच्याबरोबर जातो. स्पर्शाने मिळणारे ज्ञान खरे असते. पण ते तपासायचे कसे, सांगायचे कसे, टिकवायचे कसे? गुणे यांच्या पुढील साऱ्या खटपटीमागे हाच प्रश्न दिसतो.

पदवीनंतर ते खानदेशात अमळनेरला गेले. तेथील खानदेश शिक्षण संस्थेच्या कार्यात त्यांनी स्वतःला झोकून दिले आणि १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे महाविद्यालय १९२० मध्ये सरकारी अवकृपेने बंद पडले. एव्हाना त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या गुरूंचा प्रवेश झालेला होता.

बडोद्याजवळ नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी राहत. १९१९ मध्ये गुणे त्यांच्याकडे गेले. मुंबईच्या योग संस्थेचे संस्थापक श्रीयोगेंद्र हेही याच माधवदासांचे शिष्य. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी अवघ्या काही वर्षांच्या अंतराने योगाला मठाबाहेर काढून मध्यमवर्गीय घरात नेऊन ठेवावे, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. १९२१ मध्ये माधवदासांनी देह ठेवला. गुणे यांच्या वाट्याला सहवास थोडकाच आला, पण हठयोगाच्या क्रिया त्यांना प्रत्यक्ष करून घेता आल्या.

क्रिया साधल्या आणि शंका सुरू झाल्या. योगक्रियांचे परिणाम त्यांना स्वतःच्या देहात जाणवत होते. परंतु परंपरेत त्यांची जी स्पष्टीकरणे दिली जात, ती त्यांच्या चिकित्सक बुद्धीला पुरेशी वाटेनात. आधुनिक शरीरशास्त्राच्या पुस्तकांत तर या क्रियांचा उल्लेखही नव्हता. अशा वेळी श्रद्धावान मनुष्य पुस्तके मिटतो आणि बुद्धिवादी मनुष्य क्रिया सोडतो. गुणे यांनी दोन्ही सोडले नाही. ते रुग्णालयात गेले.

कोठे गेली हवा?

बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरण यंत्राच्या साह्याने झालेले त्यांचे सुरुवातीचे प्रयोग उड्डियान आणि नौली या क्रियांवर होते. उड्डियानात साधक श्वास पूर्ण बाहेर सोडतो, कंठद्वार बंद ठेवतो आणि श्वास घेतल्याप्रमाणे छातीचा पिंजरा वर उचलतो, हवा मात्र आत येऊ देत नाही. परिणामी श्वासपटल वर सरकते आणि पोट पाठीकडे खोल जाते. नौलीत याच अवस्थेत पोटाचे मधले सरळ स्नायू दांड्यासारखे पुढे काढले जातात. पाहणाऱ्याला तो कसरतीचा चमत्कार वाटतो.

याच नौलीवर बस्ती ही क्रिया आधारलेली आहे. पाण्यात बसलेला योगी गुदद्वारातील नळीवाटे पाणी वर ओढून घेतो. पाणी वर चढते कसे? कोणी ती योगशक्ती म्हणत, कोणी आतड्याच्या उलट्या हालचालीचा तर्क करीत. गुणे यांनी मोठ्या आतड्यातील दाब मोजण्यासाठी दाबमापक जोडला. नौलीत मधले स्नायू पुढे येताच आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली उतरतो, असे काट्यावर दिसले. पाणी खेचले जात होते ते या अंशतः निर्वात अवस्थेमुळे. या अवस्थेला त्यांनी गुरूंचे नाव दिले आणि ती माधवदास निर्वात म्हणून नोंदविली गेली.

एका गूढ क्रियेचे स्पष्टीकरण भौतिकशास्त्राच्या प्राथमिक नियमात सापडले, एवढेच येथे घडले. पण या एवढ्याशा गोष्टीने पुढील चाळीस वर्षांची दिशा ठरली. साधकाला पोटात जी पोकळी जाणवते ती भ्रम नाही, हे यंत्राने सांगितले. त्याच वेळी तिच्याभोवती रचलेल्या आख्यायिकांची गरजही संपविली.

१९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना झाली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्याच्या अंकांची रचना आजही पाहण्यासारखी आहे. एक भाग प्रयोगांचा, एक आसनांच्या प्रत्यक्ष कृतीचा, एक तत्त्वज्ञानाचा. सर्वांगासन आणि मत्स्यासनात रक्तदाब किती बदलतो, याच्या नोंदी त्यात छापल्या गेल्या. आर्थिक ओढाताणीमुळे आणि इतर व्यापांमुळे नियतकालिकात पुढे बरीच वर्षे खंड पडला, पण ते संपले नाही.

प्राणायामाविषयी त्यांनी घेतलेली भूमिका त्यांच्या अनुयायांनाही पचायला जड गेली असावी. खोल श्वास घेतला की शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, म्हणून प्राणायाम करावा, असा प्रचार तेव्हा होता आणि आजही उद्यानांतून ऐकू येतो. स्वामीजींनी हे समर्थन मान्य केले नाही. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वसनातही प्राणवायूने जवळजवळ भरलेलेच असते. प्राणायामाचे मोल त्यांच्या मते अन्यत्र होते, छाती व पोटातील दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरील परिणामांत. स्वतः योगाचा प्रसार करीत असताना योगाच्या बाजूने बोलणारा एक लोकप्रिय मुद्दा असा हातचा सोडून देणे सोपे नव्हते. देणग्यांवर चालणाऱ्या आश्रमाला तर नाहीच.

आश्रमाच्या संस्थांची नावे पाहिली तरी हे अर्थकारण ध्यानात येते. मुंबईचे ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र १९३० च्या दशकात सुरू होऊन १९३६ मध्ये मरीन ड्राइव्हवर स्थिरावले. लोणावळ्यात १९५१ मध्ये गोरधनदास सेकसरिया यांच्या नावाने योग महाविद्यालय निघाले. १९६१ मध्ये तेथेच अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यौगिक रुग्णालय उभे राहिले. हठयोगाच्या प्रयोगशाळेचा खर्च प्रामुख्याने मुंबईच्या व्यापारपेठेने उचलला. त्याचे श्रेय त्या दात्यांना दिले पाहिजे. दात्यांना चमत्कार हवे असतात, असा आपला एक समज असतो. येथे तरी त्यांनी मोजमापाला पैसे दिले.

देशातील थोरामोठ्यांचाही स्वामीजींशी संबंध आला. १९२७ मध्ये खादीच्या दौऱ्यात अतिश्रमाने गांधीजींची प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांनी स्वामीजींचा सल्ला घेतला आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. परदेशातील अभ्यासकही लोणावळ्याची वाट धरू लागले. येल विद्यापीठातील संशोधक कोव्हूर बेहानन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी येथे राहून अभ्यास केला आणि १९३७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बेहानन हे काही भाट नव्हते. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या चाचण्यांत बौद्धिक कामाचा वेग मंदावल्याचे त्यांनी नोंदविले. प्राणायाम चालू असताना प्राणवायूचा वापर वाढतो, असेही त्यांच्या मोजणीत दिसले. हे गुरुगृहीच्या मांडणीशी पुरते जुळणारे नव्हते. आपल्याकडे शिकून गेलेल्या अभ्यासकाने असे आकडे छापावेत, हीच कैवल्यधामाच्या मोकळ्या वातावरणाची मोठी पावती म्हणावी लागेल.

१९३७-३८ मध्ये आणखी एक महत्त्वाची पाहुणी आली. कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील जोसेफिन रॅथबोन. शरीराच्या ठेवणीतील दोष दूर करणारे व्यायाम आणि स्नायूंचे शिथिलीकरण हा त्यांचा विषय. अमेरिकेत शिथिलीकरणाचे शिक्षण रुजविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. अमेरिकेहून आज नव्या नावाने परत येणाऱ्या विचारांपैकी काहींचा प्रवास असा लोणावळ्यावरून झालेला आहे, याची आठवण त्यामुळे ठेवावीशी वाटते.

फॅशियावरील हस्तोपचारांचे नाव घेतले की इडा रॉल्फ यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १८९६ मध्ये जन्मलेल्या रॉल्फ जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. १९२० मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे शरीराला वेढणारे हे आवरण हाताने ताणून देहाची ठेवण सुधारण्याची पद्धत बसविली. त्यांनीही तरुणपणी योगाभ्यास केला होता. स्वामीजी आणि रॉल्फ समकालीन. दोघेही शरीराच्या ठेवणीकडे वळले, परंतु मार्ग वेगळे. रॉल्फ यांचा हात बाहेरून काम करतो. माणिकरावांच्या शिष्याने मात्र बाहेरचा हात बाजूला ठेवला आणि ते काम साधकाच्या स्वतःच्या लक्षावर सोपविले.

त्यांच्या आसनविषयक लेखनात हा भेद स्पष्ट होतो. ध्यानासाठीची आसने आणि शरीरसंवर्धनाची आसने असे वर्गीकरण करून त्यांनी प्रत्येकाची कृती पायरीपायरीने, वेळेच्या मर्यादेसह लिहिली. ‘आसन’ आणि ‘प्राणायाम’ ही त्यांची पुस्तके अनेक पिढ्यांनी वापरली. त्यात एक सूचना वारंवार येते. ताण सावकाश द्यावा, झटका देऊ नये, थकवा येईपर्यंत करू नये. दंड-बैठकांच्या तालमीत वाढलेल्या माणसाने ही शिकवण द्यावी, यात नवल आहे आणि नाहीही. स्नायू कमावणे वेगळे आणि स्नायूंचा नेहमीचा तणाव उतरविणे वेगळे, हे त्यांना तालमीतच उमगले असणार.

१९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य शिक्षण विभागाने त्यांचा आणि डॉ. एस. एल. विनेकर यांचा यौगिक चिकित्सेवरील ग्रंथ प्रकाशित केला. वयाच्या ऐंशीव्या वर्षी आलेले हे पुस्तक त्यांच्या विचारांचा परिपाक आहे. आसन हे ताकदीचे काम नसून शरीराच्या ठेवणीचा एक घाट आहे, अशी त्यातील मांडणी. स्नायू, कंडरा आणि सांधे यांतून शरीराच्या स्थितीची जाणीव सतत मेंदूकडे जात असते. आतील अवयवांतूनही संदेश निघत असतात. आसनात स्थिर राहिल्याने आणि प्रयत्न सैल सोडल्याने या संदेशांच्या देवाणघेवाणीवर परिणाम होतो आणि त्यातून मनाचा तोलही बदलतो, असे प्रतिपादन तेथे आढळते. पतंजलींच्या प्रयत्नशैथिल्याला शरीरशास्त्राच्या भाषेत दिलेला हा अर्थ आहे.

आजचे फॅशियाचे संशोधन नेमके याच वळणावर येऊन उभे आहे. २००७ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शवविच्छेदनाच्या टेबलावर शतकानुशतके खरवडून बाजूला टाकले जाणारे हे आवरण मज्जातंतूंच्या टोकांनी भरलेले आहे आणि शरीराच्या आंतरिक जाणिवेत त्याचा वाटा आहे, हे आता मान्य झाले आहे. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. कुवलयानंदांना हे सारे आधीच ठाऊक होते, असे म्हणणे म्हणजे त्यांच्याच शिस्तीशी द्रोह होईल. त्यांचा भर नसा, ग्रंथी, रक्ताभिसरण आणि पोकळ्यांतील दाब यांवर होता. त्यांच्या हाती जी उपकरणे होती त्यांना जे दिसत होते तेवढेच त्यांनी सांगितले.

आणि सांगितलेले सगळे टिकलेही नाही. सर्वांगासनामुळे कंठातील ग्रंथी सुदृढ होते आणि तिच्याद्वारे सारे शरीर, हा त्यांचा आवडता सिद्धान्त पुराव्याच्या कसोटीवर पुढे सिद्ध झालेला नाही. प्रयोगांतील साधकांची संख्या थोडी असे. अभ्यास न करणाऱ्यांशी काटेकोर तुलना करण्याची आजची पद्धत तेव्हाच्या प्रयोगांत क्वचितच दिसते. तथापि त्यांनी प्रयोगाची कृती लिहून ठेवली, म्हणूनच त्यातील उणिवा आज दाखविता येतात. जी विद्या लिहिली जात नाही तिच्यात चूक काढता येत नाही, हे तिचे सामर्थ्य नव्हे.

ग्रंथांच्या बाबतीतही त्यांनी हीच रीत ठेवली. हठयोगाच्या पोथ्या मिळवून, पाठभेद जुळवून त्या संपादित करण्याचे काम कैवल्यधामात सुरू झाले. डॉ. एस. ए. शुक्ल यांच्यासमवेत त्यांनी गोरक्षशतकाचे संपादन केले. प्रयोगशाळेशेजारी पोथीशाळा, अशी ही रचना होती. संस्कृतचा विद्यार्थी त्यांच्यातून कधीच हद्दपार झाला नाही.

माणिकरावांचे ऋणही ते विसरले नाहीत. माणिकरावांनी इंग्रजी कवायतीचे हुकूम बाजूला सारून हिंदी आज्ञांवर चालणारा संघ व्यायाम बसविला होता. स्वामीजींनी त्याच धर्तीवर ‘यौगिक संघ व्यायाम’ तयार केला, जेणेकरून शाळेतील शे-दोनशे मुलांना एका वेळी मैदानावर योगाधारित व्यायाम देता यावेत. आसन हे एकट्याने, एकांतात करण्याचे, ही जुनी धारणा त्यामुळे शिथिल झाली. नागपुरात जनार्दनस्वामींनी ‘सुलभ सांघिक आसने’ हाच मार्ग निवडला, हे येथील वाचकांना सांगायला नको. हाताचा स्पर्श एका वेळी एकाच देहापर्यंत पोहोचतो. शब्दांत बांधलेली कृती शंभरांपर्यंत जाते, पण तिच्यात प्रत्येकाच्या दुखऱ्या खांद्याची आणि ताठरलेल्या पाठीची दखल राहत नाही. स्वामीजींनी ही किंमत मोजली. जेथे व्यक्तिगत लक्ष हवे तेथे त्यांनी आरोग्य केंद्र आणि रुग्णालय काढले, ही त्या किमतीची भरपाईच मानावी लागेल.

उत्तरायुष्यातही त्यांचे काम थांबले नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. आश्रमाची धुरा स्वामी दिगंबरजींनी सांभाळली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली पुढे हठप्रदीपिकेसारख्या ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या निघाल्या. ३० ऑगस्ट २०१९ रोजी, स्वामीजींच्या जन्मदिनी, भारतीय चिकित्सापद्धतींतील मान्यवरांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटांचा जो संच प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्याही तिकिटाचा समावेश होता. ‘योगमीमांसा’ अद्याप प्रकाशित होते. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेतील मोजमापे चालू आहेत.